शंभर पाहुणे आणि एक घरचा

मित्रांनो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुम्ही कधी ना कधी स्टेजवर उभे राहिला असालच. पडदा वर जातो. दिव्यांचा झोत डोळ्यांवर येतो. पोटात मोठा गोळा आलेला असतो. आणि तशातही तुमचे डोळे समोरच्या अंधारात काय शोधत असतात, सांगा पाहू? आईची साडी! बाबांचा चष्मा! आजी कुठल्या रांगेत बसलीय ते!

एकदा का घरचं माणूस दिसलं, की जरा धीर येतो. पण गंमत अशी, की भीतीही तिथूनच वाढते. आपण चुकलो, तर समोरची पाचशे अनोळखी माणसं घरी जाईपर्यंत विसरून जातील. आजी मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत सगळ्यांना सांगत राहील!

आता अशी कल्पना करा. तुम्ही मोठे झालात आणि एका परदेशी ऑर्केस्ट्रात काम करू लागलात. शंभर जणांच्या ताफ्याबरोबर तुम्ही देशोदेशी हिंडता. रोज नवं शहर, नवं सभागृह, नवे अनोळखी श्रोते. आणि एके दिवशी हा सगळा ताफा येऊन पोचतो तो थेट तुमच्याच गावात! बाकीच्या शंभर जणांसाठी तो परदेश. तुमच्यासाठी मात्र ते घर. त्यातून तुमचं काम असं, की स्टेजवर श्रोत्यांकडे पाठ करूनच उभं राहायचं. म्हणजे घरची माणसं शोधायचीसुद्धा सोय नाही!

ही नुसती कल्पना नाही, बरं का. मुंबईच्या एका मुलाच्या बाबतीत हे खरोखर घडलं, आणि एकदा नव्हे, अनेकदा घडलं. त्या मुलाचं नाव झुबिन मेहता.

कंडक्टर, पण एस.टी.चा नव्हे

कंडक्टर म्हटलं, की आपल्याला खांद्याला चामड्याची पिशवी लावून तिकिटं फाडणारे काका आठवतात. आणि ऑर्केस्ट्रा म्हटलं, की गणपतीत मांडवासमोर होणारा सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम. पण इथे आपण बोलतोय ते पाश्चात्त्य संगीतातल्या सिंफनी ऑर्केस्ट्राबद्दल.

या ऑर्केस्ट्रात साधारण शंभर वादक असतात. त्यातले साठेक जण तंतुवाद्यं वाजवतात. व्हायोलिन, त्याहून थोडी मोठी व्हियोला, मांडीशी टेकवून वाजवायचा चेलो आणि माणसाहूनही उंच असा डबल बास. त्यांच्या मागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. त्यांच्याही मागे ट्रंपेट, ट्रॉम्बोन, हॉर्न अशी पितळी वाद्यं आणि सर्वांत मागे मोठे नगारे, ज्यांना टिंपनी म्हणतात. प्रत्येकापुढे स्वरलिपीचा कागद असतो आणि त्या कागदावर फक्त त्याच्यापुरते सूर लिहिलेले असतात.

मग एवढ्या सगळ्यांचं मिळून एक संगीत होतं कसं? ते काम कंडक्टरचं, म्हणजे संचालकाचं. तो हातात एक पातळशी छडी घेऊन वादकांसमोर उभा राहतो. लय किती, आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, कोणी कधी सुरुवात करायची, हे सगळं तो हातांनी आणि नजरेनं सांगतो. संपूर्ण मैफलीत तो स्वतः एकही सूर वाजवत नाही! पण शंभर जण त्याच्याकडे बघून वाजवतात. त्याचं तोंड वादकांकडे आणि पाठ श्रोत्यांकडे. म्हणूनच तर म्हटलं, की घरच्यांना दिसते ती फक्त त्याची पाठ.

दिवाणखान्यातली शाळा

झुबिन मेहता यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवत. त्यातलं बरंचसं ते स्वतःच शिकले होते. १९३५ साली, म्हणजे झुबिनच्या जन्माच्या एक वर्ष आधी, त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. हे काम सोपं नव्हतं. या ऑर्केस्ट्रात हौसेनं वाजवणारे पारशी होते. लहानपणापासून चर्चमध्ये संगीत शिकलेले गोव्याचे वादक होते. युरोपातून मुंबईत येऊन राहिलेली माणसं होती. आणि पितळी वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधले जवानसुद्धा यायचे!

मेहली मेहता यांचं व्हायोलिन तुमच्या आजी-आजोबांनी बहुधा ऐकलेलं आहे, त्यांना ठाऊक नसेल इतकंच. आकाशवाणी सुरू होताना तंबोऱ्याच्या साथीनं जी धून लागायची, ती आठवते का, असं घरात विचारून बघा. सगळे लगेच गुणगुणायला लागतील. ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोपातून मुंबईत आलेल्या संगीतकारानं बांधली असं मानलं जातं. आणि तिच्यातलं व्हायोलिन मेहली मेहता यांचं आहे, असं सांगतात.

घरात सकाळ-संध्याकाळ संगीत. कधी चौघांची तालीम, कधी विद्यार्थी, कधी ग्रामोफोन. छोटा झुबिन आणि त्याच्याहून लहान भाऊ झरीन हे सगळं ऐकत मोठे झाले. गुजराती बोलायला आणि सूर गुणगुणायला आपण एकाच सुमाराला शिकलो, असं झुबिन मेहता सांगतात. म्हणजे पाहा, या गोष्टीची सुरुवात उलटी आहे. स्टेजवर बाबा आणि श्रोत्यांत मुलगा!

चार वर्षं बाबा दूर

पण या घराला एका गोष्टीची मोठी किंमत मोजावी लागली. १९४५ मध्ये मेहली मेहता व्हायोलिनचं पुढचं शिक्षण घेण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. इव्हान गालामियन हे तिथले नामांकित गुरू. स्वतः शिकलेल्या माणसाला वयाच्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हायचं होतं!

झुबिन तेव्हा नऊ वर्षांचा होता. बाबा परत आले, तेव्हा तो तेरा वर्षांचा झाला होता. चौथी ते आठवीच्या वयाची ती वर्षं. तुमच्या घरीही कोणाचे बाबा आखातात नोकरीला असतील, कोणाची आई बदलीच्या गावी असेल, कोणी बोटीवर असेल. त्यांना चार वर्षं म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. इथे मुंबईत आई तेहमिना यांनी दोन्ही मुलांना सांभाळलं.

मेहली परत आले ते नवं तंत्र, नवी शिस्त घेऊन. त्यांनी झुबिनवर हळूहळू कामं सोपवायला सुरुवात केली. आधी ऑर्केस्ट्रातल्या एकेका गटाची तालीम घे, असं सांगितलं. आणि सोळाव्या वर्षी तर तालमीत पूर्ण ऑर्केस्ट्रा त्याच्या हाती दिला. विचार करा, दहावी-अकरावीतला मुलगा आणि त्याच्यासमोर वडिलांच्या वयाचे वादक!

मासा आणि व्हिएन्ना

आईचं म्हणणं मात्र वेगळं होतं. संगीतावर पोट भरणं किती अवघड असतं, हे त्या घरातच बघत होत्या. मुलानं डॉक्टर व्हावं, असं त्यांना वाटे. आणि यात त्यांचं काय चुकलं? झुबिननं सेंट झेवियर्स कॉलेजात त्या दृष्टीनं प्रवेशही घेतला. दोन वर्षं काढली. मग एके दिवशी प्रयोगशाळेत डॉगफिश नावाचा मासा कापायची पाळी आली आणि त्या माशानंच निकाल लावला! झुबिननं कॉलेज सोडलं.

१९५४ मध्ये, अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला पोचला. ऑस्ट्रियाची ही राजधानी म्हणजे पाश्चात्त्य संगीताची पंढरीच. मोझार्ट, बेथोवन, ब्राम्स ही सगळी मंडळी तिथे राहून गेलेली. तिथे गेल्यावर झुबिननं कार्ल ब्योम या संचालकाची मैफल ऐकली. ब्राम्सची पहिली सिंफनी होती. आतापर्यंत त्यानं ऐकला होता तो वडिलांचा हौशी ऑर्केस्ट्रा आणि ग्रामोफोनच्या खरखरत्या तबकड्या. आणि हा आवाज! तो आवाज आपल्या कानात कायमचा राहिला, असं ते पुढे अनेकदा सांगत आले आहेत.

मोठे संचालक तालीम कशी घेतात, हे बघायची त्याला फार इच्छा होती. पण विद्यार्थ्यांना तालमीत प्रवेश नव्हता. मग झुबिन आणि त्याचा मित्र क्लॉदिओ आबादो यांनी एक युक्ती काढली. ज्या गायनवृंदाला ऑर्केस्ट्राबरोबर गायला बोलावत, त्यातच दोघं भरती झाले! आता त्यांना कोण अडवणार? गाता गाता ब्रुनो वॉल्टर, कारायान अशा थोरांचे हात त्यांना समोरून बघायला मिळाले. हे दोघंही पुढे जगप्रसिद्ध संचालक झाले.

त्या वर्षांत झुबिन डबल बासही शिकला. बासवाला म्हणजे मागच्या कोपऱ्यात उभा राहणारा वादक. त्याचं नाव क्वचितच कोणाच्या लक्षात राहतं. पण इमारतीला जसा पाया, तसा ऑर्केस्ट्राला बास. मागच्या कोपऱ्यातून ऑर्केस्ट्रा कसा ऐकू येतो, हे पुढे उभं राहणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं, नाही का?

बाप मँचेस्टरला, लेक लिव्हरपूलला

इकडे १९५५ मध्ये मेहली मेहताही मुंबई सोडून इंग्लंडला गेले. मँचेस्टर शहरातल्या हॅले ऑर्केस्ट्रात ते व्हायोलिन वाजवू लागले. मुंबईत ज्यांनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला, ते आता दुसऱ्यांच्या ऑर्केस्ट्रात, दुसऱ्या संचालकाच्या इशाऱ्यावर वाजवणारे वादक झाले. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. चांगल्या ऑर्केस्ट्रात रोज वाजवायला मिळणं, हेच त्यांना हवं होतं.

१९५८ मध्ये लिव्हरपूलला संचालकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत पहिला आला बावीस वर्षांचा झुबिन! बक्षीस म्हणून त्याला तिथल्या ऑर्केस्ट्रात वर्षभर साहाय्यक संचालकाचं काम मिळालं. आता जरा नकाशा उघडा. मँचेस्टर आणि लिव्हरपूल ही शहरं एकमेकांपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहेत. आपल्या मुंबई-कल्याणसारखंच अंतर! मुंबईचं एक कुटुंब, पण बाप एका परदेशी ऑर्केस्ट्रात आणि लेक दुसऱ्या.

पुढे १९६२ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, झुबिन मेहता अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या मोठ्या ऑर्केस्ट्राचे संचालक झाले. दोन वर्षांनी मेहली आणि तेहमिनाही त्याच शहरात राहायला आले. आता श्रोत्यांत आई-बाबा आणि स्टेजवर मुलगा. गोष्ट सुलटी झाली! आणि मेहली काही नुसते टाळ्या वाजवत बसले नाहीत. त्यांनी तिथे तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा हाती घेतला आणि तीस वर्षांहून अधिक काळ शेकडो मुलांना घडवलं.

शंभर जणांचा प्रवास

आता आपण मुंबईच्या स्टेजकडे वळू. पण त्याआधी सांगा, शंभर वादकांचा ऑर्केस्ट्रा परदेशी निघतो, म्हणजे नेमकं काय होतं? तुमची शाळेची सहल आठवा आणि तिला शंभरानं गुणा!

व्हायोलिनवाले आपली वाद्यं जिवापाड जपतात. ती हातात घेऊनच विमानात चढतात. चेलो नुसता सामानात टाकून चालत नाही. कित्येकदा त्याच्यासाठी शेजारच्या खुर्चीचं वेगळं तिकीट काढतात आणि त्याला चक्क पट्टा बांधून बसवतात! डबल बास आणि टिंपनी मात्र आतून गादी लावलेल्या मोठमोठ्या पेटाऱ्यांत बंद होऊन मालाबरोबर जातात. सीमेवर जकात अधिकाऱ्यांना प्रत्येक वाद्याची यादी द्यावी लागते. नाहीतर म्हणतील, हे विकायला तर आणलं नाही ना?

सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे हवा. पावसाळ्यात तबला कसा उतरतो, तंबोऱ्याच्या तारा कशा दगा देतात, हे आपल्याकडच्या वादकांना चांगलं ठाऊक असतं. व्हायोलिनही लाकडाचंच. थंड कोरड्या देशातून मुंबईच्या दमट हवेत आलं, की लाकूड ओल धरतं, फुगतं आणि सूर हलतो. त्यामुळे नव्या शहरात पोचल्यावर वादक आधी वाद्याकडे बघतो, मग जेवणाकडे.

झुबिन मेहता यांच्या सामानात मात्र एक खास वस्तू असते. एक लहानशी डबी. तिच्यात काय असेल? तिखट मिरच्या! जगातल्या कुठल्याही शहरात, कितीही भारी हॉटेलात जेवायला बसले, तरी डबी बाहेर निघते. मुंबईची जीभ ती मुंबईचीच!

पाठमोरा मुलगा

१९६७ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक लांबच्या दौऱ्यावर निघाला आणि त्या दौऱ्यात मुंबईलाही आला. अठराव्या वर्षी घर सोडून गेलेला मुलगा एकतिसाव्या वर्षी सगळा ऑर्केस्ट्रा घेऊन आपल्या गावी आला. वादकांसाठी ते नकाशावरचं आणखी एक शहर होतं. उकाडा, गर्दी, नवी भाषा. त्यांच्या समोर उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र ते शाळेचं, क्रिकेटचं, वडिलांच्या तालमींचं शहर होतं. नातेवाईक इथलेच, शाळासोबती इथलेच. बॉम्बे सिंफनीत त्याच्या वडिलांबरोबर वाजवलेली माणसंही इथलीच.

अशा वेळी मनात काय होत असेल? आपण वर गॅदरिंगची गोष्ट केली, तीच ही गोष्ट. अनोळखी श्रोते संगीत ऐकतात. घरचे श्रोते संगीताबरोबर आणखीही काही ऐकत असतात. हा तोच ना, जो दिवाणखान्यात तबकड्या लावायचा? डॉक्टर होणार होता, तो हाच ना? आणि संचालकाला तर मागे वळून बघताही येत नाही. शेवटचा सूर थांबेपर्यंत त्याला कळत नाही, की पाठीमागच्या अंधारात ओळखीचे चेहरे हसताहेत की डोळे पुसताहेत.

१९८४ मध्ये ते पुन्हा आले, या वेळी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन. पण एक इच्छा अजून राहिली होती. इस्राएल फिलहार्मोनिक हा त्यांचा अत्यंत जिव्हाळ्याचा ऑर्केस्ट्रा. तो काही भारतात आणता येत नव्हता, कारण भारत आणि इस्राएल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंधच नव्हते. जानेवारी १९९२ मध्ये ते सुरू झाले आणि १९९४ मध्ये हा ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा भारतात आला. सोबत होते जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते बसूनच वाजवतात. पण त्यांचं व्हायोलिन ऐकताना कोणाला ते आठवतसुद्धा नाही.

पाहिलंत ना? कधी कधी एका मैफलीसाठी नुसता रियाज पुरत नाही. दोन देशांनी हात मिळवण्याची वाटही बघावी लागते.

वडिलांचं राहिलेलं काम

या सगळ्या गोष्टीत एक रुखरुख मात्र होती. ऑर्केस्ट्रा यायचे ते बाहेरून. मेहली मेहता गेल्यावर त्यांचा बॉम्बे सिंफनी फार काळ टिकला नाही. ज्या माणसानं मुंबईला स्वतःचा ऑर्केस्ट्रा द्यायचा ध्यास घेतला, त्याच्या मुलाला जगभरच्या ऑर्केस्ट्रांनी बोलावलं. पण मुंबईचा स्वतःचा असा ऑर्केस्ट्राच उरला नव्हता.

१९९५ मध्ये मुंबईत मेहलींच्या नावानं एक संस्था सुरू झाली आणि ती मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवू लागली. २००२ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी मेहली मेहता गेले. आणि २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए.मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्यात बरेच वादक परदेशातून आले, कारण आपल्याकडे तेवढे तयार वादक नव्हते. म्हणून त्यांनी मुलांसाठी शाळाही काढली. २०१९ मध्ये हा ऑर्केस्ट्रा इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. सोबत तबल्यावर होते उस्ताद झाकीर हुसेन. मुंबईचा ऑर्केस्ट्रा आता परदेशातला पाहुणा झाला!

आणि २०२३ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, झुबिन मेहता याच ऑर्केस्ट्रासमोर छडी घेऊन उभे राहिले. या वेळी शंभर पाहुणे बरोबर आणावे लागले नाहीत. शहर त्यांचं, सभागृह त्या शहरातलं आणि ऑर्केस्ट्राही त्याच शहराचा. पाठीमागच्या अंधारात वडील नव्हते. पण वडिलांनी १९३५ मध्ये जे सुरू केलं होतं, ते समोर वाजत होतं.

तुमच्यासाठी थोडंसं

कधी अशा मैफलीला गेलात, तर सुरुवातीला कान टवकारा. एक ओबो लांबलचक सूर धरतो आणि सगळे वादक त्याला आपलं वाद्य मिळवून घेतात. आपल्या पेटीवर तो सूर म्हणजे पांढरी सहा. घरी पेटी असेल तर वाजवून बघा. सिंफनीचे साधारण चार भाग असतात. मधे शांतता झाली, की टाळ्या वाजवायची घाई करू नका. संचालक हात खाली सोडून वळला, की मग मनसोक्त वाजवा. तो त्याच क्षणाची वाट बघत असतो, कारण तेव्हाच त्याला तुमचे चेहरे पहिल्यांदा नीट दिसतात.

आणि मोठ्यांनो, एक विनंती तुम्हालाही. पुढच्या गॅदरिंगला तुमचं लेकरू शेवटच्या रांगेत झाड म्हणून उभं असलं, तरी जरूर जा. त्याचे डोळे तुम्हालाच शोधत असतात.